हाताशी असलेली बंदूक



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते संख्याशास्त्र शिकवत. म्हणून विषय निवडताना मी असा प्रश्न शोधत होतो, ज्यावर माणसं त्वेषानं भांडतात पण ज्याचं उत्तर आकड्यांशी झटापट केल्याशिवाय मिळत नाही. बंदुकांवर निर्बंध आणणाऱ्या कायद्यांमुळे बंदुकीनं होणारे मृत्यू खरोखर कमी होतात का, हा तसा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. होतात. मात्र सगळ्याच कायद्यांनी होत नाहीत, आणि जे मृत्यू टळतात ते बहुतेक वेळा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचे नसतात. आज मी मुख्यतः या उत्तरार्धाबद्दल बोलणार आहे.

सुरुवात ऑस्ट्रेलियापासून करू. टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर नावाची जागा आहे. ब्रिटिशांनी तिथे एकेकाळी शिक्षा झालेल्या कैद्यांची वसाहत वसवली होती. तिचे अवशेष पाहायला आता पर्यटक येतात. २८ एप्रिल १९९६च्या रविवारी दुपारी एका तरुणानं तिथल्या उपाहारगृहात शिरून गोळीबार सुरू केला. तो थांबला तेव्हा ३५ माणसं मेलेली होती. त्याच्याजवळ सेमी-ऑटोमॅटिक रायफली होत्या आणि बंदुकीचा परवाना नव्हता. त्याचं नाव मी घेणार नाही, घेण्याची गरजही नाही.

जॉन हॉवर्ड यांना पंतप्रधान होऊन तेव्हा जेमतेम सात आठवडे झाले होते. ते उजव्या विचारांचे. त्यांच्या सरकारचा टेकू होता ग्रामीण भागातला नॅशनल पक्ष, म्हणजे ज्यांच्या घरोघरी बंदूक असते अशा शेतकऱ्यांचा पक्ष. शिवाय ऑस्ट्रेलियात बंदुकांविषयी कायदे करण्याचा अधिकार राज्यांकडे आहे, केंद्राकडे नाही. तरीही १० मे रोजी, अवघ्या बारा दिवसांत, सगळ्या राज्यांच्या पोलीसमंत्र्यांनी एका करारावर संमती दिली. सेमी-ऑटोमॅटिक रायफली, सेमी-ऑटोमॅटिक आणि पंप-ॲक्शन शॉटगन यांच्यावर बंदी आली. प्रत्येक बंदुकीची नोंदणी सक्तीची झाली. परवाना हवा असेल तर बंदूक कशासाठी हवी याचं पटणारं कारण द्यावं लागणार होतं, आणि स्वसंरक्षण हे त्या कारणांत बसत नव्हतं. अर्ज आणि खरेदी यांच्यात २८ दिवस थांबायचं. घरात बंदूक कुलपात ठेवायची. ज्यांच्याकडे बंदी आलेल्या बंदुका होत्या त्यांना सरकारनं पैसे मोजले, आणि त्यासाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा कर एका वर्षापुरता दीड टक्क्यावरून एक पूर्णांक सात टक्क्यांवर नेला. सुमारे साडेसहा लाख बंदुका गोळा होऊन नष्ट केल्या गेल्या.

हे सोपं नव्हतं. व्हिक्टोरियातल्या सेल या गावी बंदूकधारकांच्या सभेत हॉवर्ड बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या कोटाखाली गोळीरोधक जाकीट होतं, आणि ते लोकांना दिसलंही. उपपंतप्रधान टिम फिशर स्वतः शेतकरी, व्हिएतनामच्या युद्धात लढलेले. आपल्याच मतदारांच्या शिव्या खात ते गावोगाव फिरले. क्वीन्सलँडमध्ये नॅशनल पक्षाच्या रॉब बॉरबिज यांचं सरकार १९९८मध्ये पडलं, आणि नव्या वन नेशन पक्षाकडे गेलेल्या मतांमागे बंदुकांच्या कायद्याचा राग हेही एक कारण होतं. स्वतःच्या मतपेढीविरुद्ध जाऊन केलेला असा कायदा लोकशाहीत क्वचित पाहायला मिळतो. या माणसांच्या इतर राजकारणाशी माझे मतभेद आहेत. या एका गोष्टीबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

आता आकडे. १९७९ ते १९९६ या अठरा वर्षांत ऑस्ट्रेलियात बंदुकीनं दरवर्षी सरासरी ६२८ माणसं मरत. १९९७ ते २००३ या सात वर्षांत ही सरासरी ३३३वर आली. पाच किंवा अधिक माणसं मारली गेली अशी हत्याकांडं आधीच्या अठरा वर्षांत तेरा झाली होती. कायद्यानंतरच्या दहा वर्षांत एकही झालं नाही. सायमन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये हे मांडलं. इथे थांबलो असतो तर व्याख्यान संपलं असतं. पण सर इथे थांबू देत नसत.

बंदुकीचे मृत्यू ऑस्ट्रेलियात १९९६च्या आधीपासूनच उतरणीला लागले होते. उतारावरून निघालेली गाडी पुढेही खाली गेली, तर श्रेय कोणाचं? जीनीन बेकर आणि सामारा मॅकफेड्रन यांनी हाच आक्षेप घेतला आणि खुनांच्या बाबतीत कायद्याचा परिणाम दिसत नाही असा निष्कर्ष काढला. दोघींचे बंदूकधारक संघटनांशी संबंध होते म्हणून अनेकांनी तो झटकून टाकला. मला ती पद्धत मान्य नाही. आक्षेप कोणी घेतला यापेक्षा तो टिकतो का हे बघावं. आणि तो काही प्रमाणात टिकतो. खुद्द चॅपमन यांनी कायद्याला वीस वर्षं झाल्यावर, २०१६मध्ये, पुन्हा हिशेब मांडला तेव्हा त्यांना आढळलं की बंदुकीचे मृत्यू कायद्यानंतर अधिक वेगानं घटले, पण बंदुकीशिवाय होणाऱ्या आत्महत्या आणि खून त्याहूनही वेगानं घटले होते. त्यामुळे सगळी घट कायद्याच्या खात्यावर टाकता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. आपल्याच बाजूच्या पुराव्याला मर्यादा घालणाऱ्या अशा अभ्यासकावर माझा विश्वास वाढतो.

मग गाठ सुटणार कशी? देशाची सरासरी बाजूला ठेवून राज्याराज्यांतला फरक पाहायचा. अँड्र्यू ली आणि क्रिस्टीन नील यांनी २०१०मध्ये तेच केलं. काही राज्यांत लोकसंख्येच्या मानानं खूप बंदुका परत घेतल्या गेल्या, काहींत कमी. उतार हा साऱ्या देशाचाच असता तर तो सगळीकडे सारखा असायला हवा होता. तसं नव्हतं. जिथे जास्त बंदुका गेल्या तिथे मृत्यू जास्त घटले, आणि ही घट सर्वांत ठळक दिसली ती बंदुकीनं होणाऱ्या आत्महत्यांत. त्यांच्या अंदाजानं ती सुमारे ऐंशी टक्के होती. ऐंशी हा आकडा मी जपून वापरीन, कारण अशा गणितात अनिश्चितता मोठी असते. पण दिशा स्पष्ट आहे. मघाच्या ६२८ मृत्यूंपैकी दरवर्षी सरासरी ४९२ या आत्महत्या होत्या, हेही सांगायला हवं. पोर्ट आर्थरच्या कबरींसमोर उभं राहून केलेल्या कायद्यानं सर्वाधिक वाचवली ती माणसं शेतावरच्या एकाकी घरांत होती, आणि त्यांच्यासाठी तो कायदा केला आहे असं कोणाच्या मनातही नव्हतं.

हत्याकांडांबद्दलही संशयवाद्यांकडे एक चांगलं उदाहरण होतं, न्यूझीलंडचं. शेजारचा, तशाच समाजाचा देश. तिथे ऑस्ट्रेलियासारखी बंदी आली नाही, तरी १९९७नंतर दोन दशकं तिथेही मोठं हत्याकांड झालं नाही. मग ऑस्ट्रेलियातली शांतताही योगायोगाची नसेल कशावरून? १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींमध्ये ५१ माणसं मारली गेली. मारणारा ऑस्ट्रेलियाचा नागरिक होता, आणि आपल्या देशात ज्या मिळाल्या नसत्या अशा सेमी-ऑटोमॅटिक बंदुका त्यानं न्यूझीलंडमध्ये परवाना काढून रीतसर विकत घेतल्या होत्या. महिन्याच्या आत न्यूझीलंडच्या संसदेनं ११९ विरुद्ध १ मतानं बंदी आणली. एका घटनेवरून संख्याशास्त्र सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण बंदी नसली तरी काही बिघडत नाही असं सांगणारं ते उदाहरण त्या दिवसानंतर कोणी देऊ शकत नाही.

ऑस्ट्रेलियाची गोष्टही तिथे संपली नाही. डिसेंबर २०२५मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुका साजरा करायला जमलेल्या ज्यू कुटुंबांवर एका बापलेकानं गोळ्या झाडल्या आणि पंधरा जणांचा जीव घेतला. बापाकडे परवाना होता आणि त्याच्या बंदुकांची नोंदही होती. १९९६नंतर देशातल्या बंदुकांची एकूण संख्या हळूहळू वाढत जाऊन पूर्वीच्या पातळीच्याही पुढे गेली होती. एका माणसानं किती बंदुका बाळगाव्यात याला बहुतेक राज्यांत मर्यादाच नव्हती. कायदा कागदावर तोच राहतो आणि समाज त्याच्या कडेकडेनं पुढे सरकतो. म्हणून त्याची निगा राखावी लागते.

आता अमेरिकेकडे वळू. २०२३ या एका वर्षात तिथे ४६,७२८ माणसं बंदुकीनं गेली. त्यांपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या, आणि सुमारे १८ हजार खून. शाळांमधल्या, बाजारांमधल्या ज्या गोळीबारांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतले बळी या संख्येचा फार छोटा भाग आहेत, व्याख्या कोणतीही घेतली तरी. आपल्याकडे अमेरिकेतल्या बंदुकांची चर्चा निघाली की शाळेतल्या हत्याकांडापासून सुरू होते आणि तिथेच संपते. मुलाला तिकडे शिकायला पाठवणाऱ्या आईबापांची भीती मी समजू शकतो. पण कायद्यानं काय साधतं हे कळायचं असेल तर नजर त्या २७,३००कडे वळवावी लागते.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो भल्या माणसांकडूनही येतो. ज्याला मरायचंच आहे तो बंदूक नसली तर दुसरा मार्ग शोधेल, कायदा त्याला काय थांबवणार? ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. पण हे खोटं आहे, आणि या खोट्या समजुतीनं जगभर माणसं मरतात, म्हणून मी यावर जरा थांबतो.

आत्महत्येची तीव्र इच्छा बहुतेकदा लाटेसारखी येते आणि ओसरते. प्रयत्नातून जे वाचतात त्यांतले दहापैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. प्रश्न एवढाच असतो की ती लाट आली तेव्हा हाताशी काय होतं. बंदुकीनं केलेला प्रयत्न जवळजवळ नेहमीच जीव घेतो. बाकीच्या बऱ्याच मार्गांत वाचण्याला, कोणी धावून येण्याला, मन बदलण्याला जागा उरते. कॅलिफोर्नियात डेव्हिड स्टडर्ट यांच्या गटानं २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या बारा वर्षांतल्या नोंदी तपासल्या. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीनं आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळजवळ आठपट निघालं, स्त्रियांत ३५पट. मुळातच मरणाकडे झुकलेली माणसं पिस्तूल विकत घेतात असं असतं, तर त्यांच्यात इतर मार्गांनीही आत्महत्या जास्त दिसल्या असत्या. त्या दिसल्या नाहीत.

इस्रायलच्या सैन्याचा अनुभव याहून बोलका आहे. तिथे सक्तीच्या लष्करी सेवेतली अठरा-वीस वर्षांची पोरं शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर नेत. २००६मध्ये सैन्यानं आदेश काढला की सुट्टीला जाताना बंदूक छावणीतच ठेवायची. सैनिकांतल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घट झाली ती सुट्टीच्या दिवसांतल्या आत्महत्यांत. आठवड्याच्या इतर दिवसांत फारसा फरक पडला नाही. मुलं तीच, ताण तेवढाच, देश तोच. बदललं होतं ते एवढंच, की दोन रात्री बंदूक घरात नव्हती.

आणि हे महाराष्ट्राला परकं नाही. आपल्याकडे बंदुकीच्या जागी कीटकनाशकाचा डबा आहे. शेतकऱ्याच्या घरात तो खाटेखाली, कोनाड्यात, धान्याशेजारी ठेवलेला असतो. श्रीलंकेनं १९९५पासून टप्प्याटप्प्यानं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली, आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. कर्ज, दुष्काळ, दारू, भांडणं तिथेही होती आणि राहिली. विदर्भातल्या आत्महत्यांवर आपण कर्जमाफीबद्दल बोलतो, भावाबद्दल बोलतो, आणि ते बोललंच पाहिजे. पण कोणत्या विषाचा डबा त्या घरात पोहोचतो याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. बंदुकीच्या कायद्याचा अभ्यास करताना मला ही गोष्ट सर्वांत जास्त टोचत राहिली.

आता खुनांकडे येऊ. इथे पुरावा आत्महत्यांइतका भक्कम नाही, तरी एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. बंदूक घेण्यापूर्वी पोलिसांकडे जाऊन, पार्श्वभूमी तपासून परवाना काढावा लागतो तिथे फरक पडतो. कनेक्टिकट राज्यानं १९९५मध्ये पिस्तुलासाठी असा परवाना सक्तीचा केला. मिझुरीमध्ये असा कायदा कितीतरी दशकं होता, तो त्यांनी २००७मध्ये काढून टाकला. एका राज्यानं कायदा आणला, दुसऱ्यानं मोडला. संशोधकाला निसर्गानंच मांडून दिलेला प्रयोग. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॅनियल वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही तपासले. कनेक्टिकटमध्ये कायदा नसता तर काय झालं असतं याचा अंदाज इतर राज्यांच्या आकड्यांवरून बांधला, आणि त्या तुलनेत पहिल्या दहा वर्षांत बंदुकीचे खून सुमारे ४० टक्के कमी निघाले. नंतरच्या वर्षांचे आकडे घेऊन पुन्हा केलेल्या हिशेबात हा परिणाम ३० टक्क्यांच्या आत आला. मिझुरीत कायदा गेल्यावर बंदुकीचे खून सुमारे २५ टक्के वाढले, आणि बंदुकीच्या आत्महत्या सुमारे १६ टक्के. खरेदीआधी काही दिवस थांबायला लावणाऱ्या राज्यांतही खून आणि आत्महत्या दोन्ही घटल्याचं दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. हे कळायला अवघड नाही. नवरा-बायकोच्या भांडणातला खून, दारूच्या नशेत मित्रावर झाडलेली गोळी, गल्लीतल्या पोरांची सुडाची चकमक, यांतही क्षणाची लाट असतेच.

याउलट, ज्या कायद्यांवर सर्वांत जास्त आरडाओरड होते त्यांचं फळ बऱ्याचदा लहान निघतं. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात ठराविक प्रकारच्या लष्करी धाटणीच्या रायफलींवर केंद्रीय बंदी होती. एकूण मृत्यूंवर तिचा परिणाम शोधूनही फारसा सापडत नाही, कारण रोजच्या खुनांत त्या रायफली क्वचितच वापरल्या जातात. खून होतात पिस्तुलांनी. शिवाय जुन्या रायफली ज्यांच्या त्यांच्याकडेच राहिल्या. शहरांमध्ये होणारे, पन्नास-शंभर डॉलर देऊन जुनाट बंदुका जमा करणारे मेळावेही असेच. त्यानं मृत्यू घटतात असं दिसत नाही. निर्बंधांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे मोकळेपणानं सांगावं असं मला वाटतं. जिथे पुरावा नाही तिथे तो असल्याचा दावा केला की जिथे आहे तिथलाही विश्वास जातो.

हा सगळा अभ्यास वीस वर्षं आधी, कितीतरी जास्त भक्कम स्वरूपात हाती आला असता. १९९३मध्ये आर्थर केलरमन यांनी दाखवलं की घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याची शक्यता वाढते. त्यांना निधी सीडीसी या केंद्रीय आरोग्यसंस्थेचा होता. १९९६मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ऑस्ट्रेलिया बंदुका गोळा करत होती त्याच वर्षी, अमेरिकी काँग्रेसनं आर्कान्सॉचे सदस्य जे डिकी यांची दुरुस्ती मंजूर केली: सीडीसीचा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायचा नाही. संशोधनावर शब्दशः बंदी नव्हती, पण त्या कामासाठीचे २६ लाख डॉलर काढून घेतले गेले आणि इशारा सगळ्यांना कळला. तो विषय जवळपास थंड पडला. पुढे डिकी यांचंच मत पालटलं. ज्या अधिकाऱ्याशी ते भांडले होते त्या मार्क रोझेनबर्ग यांच्याबरोबर २०१२मध्ये त्यांनी जाहीर लेख लिहिला आणि संशोधन व्हायला हवं म्हणून सांगितलं. निधी पुन्हा सुरू झाला तो २०२०च्या अंदाजपत्रकात. मोटार अपघातांचा अभ्यास अमेरिकेनं दशकानुदशकं चिकाटीनं केला, रस्ते आणि गाड्या बदलल्या, लाखो जीव वाचवले. बंदुकीच्या बाबतीत त्या देशानं जाणूनबुजून डोळे मिटले, याचा मला मनापासून राग आहे.

२०२२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कचा शंभराहून अधिक वर्षं जुना बंदूक-कायदा रद्द केला आणि नवी कसोटी घालून दिली: निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळतो का ते पाहायचं. त्यामुळे किती जीव वाचतात हा प्रश्न त्या कसोटीत येतच नाही. दोन वर्षांनी याच न्यायालयानं, घरगुती हिंसेमुळे न्यायालयाचा मनाई हुकूम असलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेणारा कायदा आठ विरुद्ध एक मतानं टिकवला, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

भारताबद्दल थोडक्यात. आपला १९५९चा शस्त्र कायदा कडक आहे. परवाना मिळणं अवघड, आणि सामान्य माणसाच्या घरात बंदूक नसतेच. त्यामुळे बंदुकीनं होणाऱ्या आत्महत्या आपल्याकडे फार थोड्या आहेत, हे त्या कायद्याचं कोणी न मोजलेलं यश. पण २०१३मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि २०१५मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांना परवान्याची गरज पडली नाही. सातपुड्यातल्या उमर्टीहून आलेले गावठी कट्टे पुण्या-जळगावात पकडल्याच्या बातम्या आपण वाचत असतो. थंड डोक्यानं, कट करून केलेल्या खुनाला परवान्याचा कायदा पुरा पडत नाही. तिथे तपास लागतो, कारखाने शोधून बंद करावे लागतात आणि खटले वेळेत चालावे लागतात. परवान्यानं ते सगळं होईल अशी अपेक्षा ठेवायची आणि झालं नाही म्हणून कायदाच निरुपयोगी म्हणायचं, हा अन्याय आहे.

शेवटी एक मुद्दा, आणि तो या सभागृहात बसलेल्या कित्येकांच्या घरचा आहे. रँड या संशोधनसंस्थेनं अमेरिकेतल्या बंदूक-कायद्यांवरचे सगळे अभ्यास चाळून पाहिले. ज्या थोड्या कायद्यांबद्दल पुरावा सर्वांत पक्का निघाला त्यांत एक अगदी साधा आहे: मुलांच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवली तर मोठ्यांना जबाबदार धरायचं. फ्लोरिडानं १९८९मध्ये तो पहिल्यांदा केला. जिथे तो आहे तिथे मुलांच्या आत्महत्या आणि चुकून सुटलेल्या गोळीनं होणारे मृत्यू घटतात. २०२०पासून अमेरिकेत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, मोटार अपघातांच्याही वर. तुमची नातवंडं न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, बे एरियात वाढत आहेत. ती शनिवारी मित्राच्या घरी खेळायला, राहायला जातात. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगते की मुलाला पाठवण्यापूर्वी त्या घरी फोन करून विचारा: घरात बंदूक आहे का, आणि असली तर ती गोळ्या काढून, कुलपात ठेवलेली आहे का. आपल्या लोकांना हे विचारायचा संकोच वाटतो, समोरच्याला काय वाटेल म्हणून. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आपण न लाजता सांगतो. आज रात्री मुलाशी किंवा सुनेशी बोलाल तेव्हा त्यांनी हा प्रश्न कधी विचारला आहे का, एवढं विचारा.